बिनभंडाऱ्याचा शब्द

१२ एप्रिल १९९७, सांगली

झाली एकदाची गावसल्लागार समिती! जत तालुक्यातलं गाव, बिरोबाचं देऊळ. एड्सच्या संशोधनासाठी रक्त कसं घ्यायचं, निकाल कुणाला सांगायचा — ते गावानंच ठरवायचं. गावफेऱ्या मी करते, तपासणी आणि निकाल आमच्या डॉक्टर स्वप्नांकडं; त्यांनी सह्या मागितल्या. समितीतला बिराप्पा म्हणाला, "सही कुनीबी मोडतंय. भंडारा उचला!" सगळ्यांनी शपथ घेतली, कुणाचं नाव फोडायचं नाही. माझी बोटं अजून पिवळी आहेत.

समितीतली आक्काताई तेवढी हात बांधून उभी. "आमी बौद्ध. भंडारा न्हाई उचलत. माजा शब्द हाय."

"बिनभंडाऱ्याचा शब्द कसला गं?" — बिराप्पा. हशा!

तरी माणसांना निकालासाठी सांगलीला आणायचं काम तिच्यावरच आलं.

३ मे

पहिले निकाल. आक्काताईनं तिघांना आणलं होतं. त्यांना एसटीत बसवून माझ्या घरी आली. पाणी प्यायली, भिंतीला टेकून डोळे पुसत बसली.

१९ मे

लिहिल्याशिवाय झोप नाही.

गावात कुजबुज उठली होती — आपल्यातल्या एकाला आहे. कुणाला ते ठाऊक नाही, म्हणून सगळेच पिसाळलेले. आमच्या जीपवर दगड. डॉक्टर स्वप्नांचं कपाळ फुटलं. माझ्या पदरानं दाबून धरलं, पदर चिंब झाला.

टँकरच्या रांगेतून बिराप्पानं आक्काताईला केसाला धरून ओढलं. "तूच नेतीस समद्यांस्नी. नाव सांग!" काठी बसली. हाड मोडल्याचा आवाज — वाळकी तुराटी मोडावी तसा! मी मधे पडले, कुणीतरी मला घागरींवर ढकललं. दुसरी काठी तिच्या तोंडावर.

"कुनाचं रगात नासलंय? बोल!"

"माजं," ती म्हणाली. "माजंच. मारा आता."

काठ्या थांबल्या. गर्दी झटकन मागं सरली. अंगावर उडालेलं तिचं रक्त मातीनं पुसत माणसं पळाली! बिराप्पाची बायको रंगुबाई तेवढी पुढं आली. आपलं घोंगडं तिनं आक्काताईवर टाकलं.

२० मे

दवाखाना. हात प्लास्टरमध्ये, दोन दात गेले. रात्री तिचं घर जाळल्याचा निरोप आला. तिला सांगितलं. डोळे मिटून पडली.

"माजं रगात चांगलं हाय, बाई."

"मग खोटं का बोललात?"

"शब्द दिला हुता. नाव घेतलं असतं तर त्येचं घर जाळलं असतं. पोरं हायत त्या घरात."

२ जून

दवाखान्याच्या पायरीवर बिराप्पा. एकटा, पटका मांडीवर. मी ओरडले, "आता कशाला आलात?"

"औषदाला." वर बघेना. "तवा निकालाला तिनंच आनलं हुतं मला, बाई. लोकांनी माज्याकडं बघू ने म्हनून मीच काठी उचलली. आजूनबी बोलली न्हाई व्हय कुनाला?"