पायावरची रेघ

३ मार्च
आले एकदाची दादाच्या घरी! माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावाने बोंब, म्हणून पुढचे सहा आठवडे मुक्काम इथे, तळमजल्यावर. खोली झकास आहे. पलंग उंच, खिडकी मोठी, समोर रस्ता. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या केसांना मनातल्या मनात नावं ठेवत बसता येईल. पंधरा वर्षं उभ्याने लोकांचे केस कापून कंबरेची वाट लागली. आता मणक्याचं ऑपरेशन झालंय, म्हणजे सुटले.

डॉक्टरांनी बजावलंय : वाकायचं नाही, कंबरेत वळायचं नाही, जड उचलायचं नाही. कूस बदलायची तर अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम. डावं पाऊल बधिर आहे, ते हळूहळू जागं होईल म्हणे. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पेन दिलंय. रोज सकाळी वहिनीने पायाला टोचत वर यायचं, मला कळलं की तिथे रेघ ओढायची. आज रेघ घोट्याच्या वर चार बोटं. पार्लरच्या मालकीणबाईंनी माझी खुर्ची सहा आठवडे राखून ठेवलीय. त्यापुढे एक दिवसही नाही, असं हसत हसत सांगितलं त्यांनी.

७ मार्च
वैताग आहे नुसता. कंबरेला बांधलेल्या पट्ट्याखाली खाज सुटते. गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि त्याची चौकशी दादा जेवतानाच करतो. नऊ ते सहा दोघं ऑफिसात, मी एकटी. वाकायचं नाही म्हटल्यापासून हातातली प्रत्येक वस्तू जमिनीवर जायला टपलेली असते. वहिनीने लांब दांड्याचा चिमटा आणून दिला. पहिला तोच पडला. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

रेघ मात्र खाली सरकतेय, अगदी घोट्यावर आलीय.

१० मार्च
सकाळी रेघ घोट्याच्याही खाली! वहिनीने टाळ्या वाजवल्या.

दुपारी कंगवा पडला. पलंगाच्या मागच्या बाजूला आवाज ऐकला मी. मान वळवून काही दिसेना, म्हणून सगळा लवाजमा घेऊन ओंडका फिरवला. कंगवा टेबलावर होता. वहिनीला फोन केला तर म्हणाली, मी ऑफिसात आहे, तुम्ही झोपा जरा.

१२ मार्च
आज मुद्दाम पाडलं. आधी रिमोट, मग पुस्तक, मग चष्म्याचं घर. मी पूर्ण वळेपर्यंत सगळं टेबलावर, नीट ओळीत. खरं सांगू? घाबरले नाही. या घरात उपदेश न करता काम करणारं कुणीतरी आहे, याचं बरंच वाटलं. जाता जाता थँक्यूसुद्धा म्हटलं.

१५ मार्च
रेघ पोटरीवर. वहिनी म्हणते, आधी तिचंच टोचायला चुकलं असेल.

फिजिओबाई आल्या तेव्हा माझ्या पायांत मोजे होते. मी घातले नव्हते. वहिनीनेही नाही. बाईंनी मला फैलावर घेतलं : सांगून ठेवलंय ना, वाकायचं नाही म्हणून? सहा आठवड्यांचे सहा महिने करायचेत का? काय सांगणार त्यांना, कपाळ? डाव्या पायाला मोजा चढलेला कळलाही नव्हता.

१८ मार्च
गुडघा. बधिरपणा वर चढला तर लगेच या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, म्हणून गेलो. एमआरआय केला. सगळं स्वच्छ, काही दबलेलं नाही. संयम ठेवा म्हणाले. संयम! यांना एकदा पट्टा बांधून आठ दिवस पाडून ठेवायला हवं. मला पाय हवाय, उभं राहायचंय, माझी खुर्ची हवीय. बाकी काही मागत नाही मी.

१९ मार्च
ही वही मागे चाळली. दहा तारखेपर्यंत रेघ खाली येत होती. त्यानंतर ज्या ज्या दिवशी काही उचलून दिलं गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वर चढलीय. एकदाही चुकलेलं नाही. मोजे घातले तेव्हा वीतभर.

सगळं दोऱ्यांनी पलंगाला बांधून घेतलं. आता काही पडणार नाही. दादाला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि गोळ्या बदलून घेऊ म्हणाला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. राग राग आला मला.

२० मार्च
दोऱ्या सुटल्यात. कापलेल्या नाहीत, गाठी सोडल्यात. कंगवा जमिनीवर. मी हात लावला नव्हता. ओरडले, नको म्हणून, राहू दे तिथेच —
मांडीवर आला. मांडीला कळलाच नाही. दिसला म्हणून समजलं.

२१ मार्च, सकाळ
कंबर. दोन्ही पाय. वहिनीने पेन ठेवून दिलं आणि रडायला लागली. दवाखान्यात नऊला फोन लागेल. दादा गाडी बघायला गेलाय, वहिनी औषधांच्या दुकानात. दहा मिनिटं म्हणाले.

दहा मिनिटं काहीही पडता कामा नये —

उशी पडली. ग्लास. मी नाही. मी काहीच —
पाठीशी आली उशी. नीट बसवली कुणीतरी. आता पाठ —

लिहितेय कारण दादाला कळायला हवं. मला इथून आधी बाहेर काढ. कुणाला काही देऊ देऊ नकोस माझ्या हातात — बोटांना मुंग्या — पेन धरवत ना

पेन पडलं होतं. परत हातात आलंय. बोटं मी मिटलेली नाहीत. हाताला काही कळत नाही आणि हात लिहितोय — दादा, लवक

दादाला कशाला बोलवायचं? मी आहे ना सगळं उचलायला. तू फक्त पडून रा