पत्र्यावरचे नऊ पंजे

पिंपळे गुरव,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम. फोन असताना पप्पा पत्र कशाला लिहीत बसले, म्हणून हसशील. हस. फोनवर मी सगळ्याला 'हो, हो' म्हणतो आणि दोन मिनिटांत फोन तुझ्या आईकडे देतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आई बरी आहे. पायात घातलेली स्टीलची पट्टी नीट बसली, असं डॉक्टर म्हणाले. काल वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली. ओट्यावरच्या बरण्या मी उंचीप्रमाणे लावून ठेवल्यात म्हणून मला बोलली, "हे काय तुमच्या कंपनीचं स्टोअर आहे का?"

बातमी अशी, की आपलं मोटारहोम मी विकतोय. अजिंक्य म्हणून तळवड्याचा एक आयटीवाला रविवारी बघायला येणार आहे. छपन्नाव्या वर्षी कसली घाई, म्हणशील. आईही तेच म्हणते. पाय टेकायला लागला की दिवेआगरला जायचं, सुरूच्या झाडांखाली गाडी लावायची, हा तिचा बेत पक्का आहे.

ती जुनी स्कूलबस शेडमध्ये आणली तेव्हा तू दहावीत होतीस. चौदा महिने लागले. वायरिंग, पाण्याची टाकी, घडीचा पलंग, सगळं व्हिडिओ बघून आणि चुकून-माकून शिकलो. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आत एकही स्क्रू असा नाही, ज्याची खाच आडवी नाही. मुक्कामाला पोचलो की आधी पाणसळ ठेवायची, चाकाखाली पाचरी सारायच्या. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय चहाचं आधण नाही. "भूकंप झाला तरी हे आधी लेव्हल बघतील," असं आई तुला सांगायची. गाडी मागे घेताना ती डाव्या अंगाला, मागच्या चाकामागे उभी राहायची. पत्र्यावर दोन थापा पडल्या की मी थांबायचो. अकरा वर्षं हाच कायदा. तू माझ्या वाढदिवसाला पाठवलेला रिव्हर्स कॅमेरा अजून खोक्यात आहे. तुझ्या आईचा हात असताना कॅमेरा कशाला, असं तेव्हा मीच म्हणालो होतो.

भंडारदऱ्याला आई दगडावरून घसरली, असं आम्ही तुला सांगितलं. ती घसरली नाही. गाडीचं चाक तिच्या पायावरून गेलं. मी मागे घेत होतो. चाक कशावर तरी चढलं असं वाटलं, तेव्हा ब्रेक मारला. दवाखान्यात नेताना एवढ्या कळा येत होत्या, तरी ती एकच सांगत होती, "मी थाप मारायलाच विसरले हो. पाण्याकडे बघत राहिले. तुमचं काही चुकलं नाही." सुजितमामालाही तिने तेच सांगितलं, शेजाऱ्यांनाही. मला ते बरं वाटलं. आठ दिवस मी तेच खरं धरून चाललो.

मग शेडमध्ये गेलो. मामाने गाडी तिथे आणून लावली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी ती धुतलेली, त्यामुळे पत्र्यावरची लाल धूळ त्या एका प्रवासाचीच. त्या धुळीत तुझ्या आईचे पंजे होते. दोन नाही, मैत्री. नऊ. पहिला मागच्या दिव्याजवळ, शेवटचा चाकाच्या वर. टेप लावून बघितलं, साडेचार फूट. म्हणजे गाडी सरकत होती आणि ती एका जागी उभी राहून थापा मारत होती. बाजूला सहज होता आलं असतं. पण गाडीच्या मागे बंधाऱ्याची कड होती, आणि मी थांबणार याची तिला खात्री होती.

मी मामाला बोलावलं. इंजिन चालू करून आत बसलो आणि म्हटलं, मार थापा. वाट बघत राहिलो. शेवटी तो लाल झालेल्या तळव्यावर फुंकर घालत खिडकीशी आला. "दाजी, झोपलात का?"

प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या धडधडाटात, अठ्ठावीस वर्षं झाली. कानात बोळे कधी घातले नाहीत. डाय बोथट झाली की इंजिनिअरच्या आधी मी आवाजावरून सांगायचो, त्याचा मला तोरा होता. दरवर्षी तपासणीत कानाला हेडफोन लावतात. आवाज आला की बोट वर करायचं. समोरच्या काचेत तपासणाऱ्याचा अंगठा दिसायचा. त्याने बटण दाबलं की मी बोट वर करायचो. पाच वर्षं असा पास झालो. घरात आई मोठ्याने बोलायला लागली, तर 'तुझा आवाज फार चढलाय' म्हणून मी तिलाच झापलं.

कानाचं यंत्र घेईन. कॅमेराही एका तासात बसवता येईल. पण तिला परत त्या चाकामागे उभी करणं आता माझ्याच्याने होणार नाही, आणि ती उभी राहिल्याशिवाय राहणार नाही. गाडी चालवणं कधी बंद करायचं ते कंबर सांगेल, गुडघे सांगतील, असं मला वाटत होतं. पाच वर्षांपूर्वी त्या काचेसमोरच ते कळायला हवं होतं.

उद्या सकाळी गाडी धुवायची आहे. पाणी मारलं की पंजे जातील. मग तुझ्या आईचंच म्हणणं तेवढं उरेल, आणि ती ते मरेपर्यंत बदलणार नाही. मीही गप्प राहून ते घेत राहीन; मी स्वतःला ओळखतो. म्हणून पाइप हातात घ्यायच्या आधी तुला लिहून ठेवतोय. थापा नऊ होत्या. तिने मारल्या होत्या.

तुझाच,
पप्पा