अख्खं घर

आई,

पुन्हा तेच लिहितोय. आजवर सरकार आपल्या घराच्या कर्जाचं व्याज तुझ्या भत्त्यासोबत भरायचं. आता तेच पैसे उसने देणार, आणि घर विकलं की कापून घेणार. म्हणून तू त्या उसनवारीच्या कागदावर सही करत नाहीस. "माझ्या कॉनरला घर अख्खं मिळू दे," म्हणतेस आणि व्याज स्वतःच भरता यावं म्हणून हीटर बंद ठेवतेस. शेजारची मॉरीन फोनवर हसली, "तुझी आई घरात टोपी घालून चहा पिते रे."

घर मला हवंच आहे. इथं नॉर्वेत मासे साफ करताना मी रोज मनात आपलं मागचं दार वाजवतो. पण तू गारठून गेलीस तर ते उघडणार कोण?

हे पत्र पाठवायला धीर होत नाही. नुसते पैसे आणि एका ओळीची चिठ्ठी पाठवतो.

तुझा कॉनर

एकशे ऐंशी पौंड, हीटरसाठी.