न्हाणीतलं बटन

अमरावती, ता. ९ जुलै १९६३

ती. सौ. सुभद्राताईस भगवंतचा स. जयभीम. वि. वि.

आम्ही सर्व ठीक. पंधरा दिवस पाऊस उघडला नाही. बाबांनी स्वतः बांधलेल्या नवीन घराचं छत गळत नाही. बाबा रोज सकाळी वर बघतात आणि आम्हाला तसं सांगतात. गवंड्याच्या पोरांनी एवढं तर ऐकलंच पाहिजे.

एक गोष्ट लिहावी की नाही, यात दोन दिवस गेले. परवा सत्यवतीला न्हाणीत विजेचा झटका बसला. दिव्याचं बटन नळापासून हातभर अंतरावर आहे, ते तू घरभरणीला पाहिलंस. आता त्या भिंतीला ओल आली आहे. ओल्या हाताने दिवा बंद करायला गेली आणि मागे दारावर आदळली. तिला सहावा महिना आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ ठीक आहे म्हणाल्या.

वायरमन ओमप्रकाश बघून गेला. बटन बाहेर चौकटीपाशी घ्या, भिंतीला एक आरपार भोक पाडलं की अर्ध्या दिवसाचं काम, असं त्याचं म्हणणं. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. माह्या भिंतीले छिन्नी लागणार नाही, म्हणाले. शिवाय आंघोळीला बसलेल्या माणसाचा दिवा बाहेरून कोणीही विझवावा, हे त्यांना पसंत नाही. सून भित्री आहे, असंही तिच्यादेखत म्हणाले. सत्यवती बोलली नाही. मीही बोललो नाही.

काय करावं ते कळव. भाऊजींना जयभीम. आमच्यावर माया ठेव.

तुझा,
भगवंत


अकोला, ता. १३ जुलै १९६३

चि. भगवंत यास सुभद्राचे अ. आ.

पत्र मिळालं. कचेरीत दिवसभर साहेबाच्या नावाने हुकूम लिहितोस आणि घरात बापापुढे तोंड उघडत नाहीस, हे काही बरं नाही.

इस्पितळात आमच्या वॉर्डात गेल्या बुधवारी बाळापूरकडची एक बाई आणली होती. ओल्या अंगाने बटनाला हात लावला होता. वय बावीस. मी नाडी पाहिली, नव्हती. तिचा सासरा बाहेर बाकावर बसला होता आणि काल तर काही झालं नव्हतं, असं प्रत्येकाला सांगत होता.

हेच मी बाबांना वेगळ्या पत्रात लिहिलं आहे, याच पाकिटात आहे. तू वाचून दाखवू नको. पन्नाशीनंतर रात्रीच्या वर्गात जाऊन ते वाचायला शिकले, त्यांचं पत्र त्यांनाच वाचू दे. तोवर न्हाणीत कंदील न्या, बटनाला कोणी हात लावायचा नाही. सत्यवतीला जप. बाळाची झबली शिवते आहे.

तुझी,
ताई


अमरावती, ता. २१ जुलै १९६३

ती. सौ. ताईस स. जयभीम. वि. वि.

बाबांनी तुझं पत्र अंगणात बसून वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. जेवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने पातूरला देवरावकाकांकडे निघून गेले. केव्हा येणार ते सांगितलं नाही.

सत्यवती म्हणते, माझ्यापायी गेले. तू काय वाईट केलंस, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, मी त्या दिवशी ओरडायलाच नको होतं. ओमप्रकाशला बोलावून घ्यावं असं मनात आहे. पण बाबा घरात नसताना त्यांची भिंत फोडायला हात उचलत नाही. आज चार दिवस झाले. तुझ्याकडे आले तर तार कर.

तुझा,
भगवंत


अमरावती, ता. ३ ऑगस्ट १९६३

चि. सौ. सुभद्रा हीस देवमनचा आशीर्वाद आन् जयभीम.

मी परवा घरी आलो. काल ओमप्रकाशले बोलावलं. भोक त्याले पाडू देलं नाही, माह्या छिन्नीनं मीच पाडलं. बटन आता बाहेर हाय, चौकटीच्या उजव्या अंगाले. भगवंतनं लावून पाह्यलं, मंग सत्यवतीनं. दिवा बरोबर लागते.

तुले एक सांगाचं हाय. मी पातूरले रागानं गेलो नव्हतो. मले तोंड दाखवाची लाज वाटत होती. त्या बटनाचा झटका पह्यले मलेच बसला होता. चैतात. कोपरापर्यंत हात बधिर झाला होता. जागा मीच दाखवली होती, वायरमन तवाच नको म्हणत होता. आता कोणाले काय सांगावं, म्हून गप बसलो. तवापासून मी अंधारातच आंग धुवून राहिलो होतो. मी तवा बोललो असतो तं तिले झटका बसला नसता. वरून मीच तिले भित्री म्हणलं.

तुह्या चिठ्ठीतला तो सासरा मी तीनदा वाचला.

काल काम झाल्यावर सत्यवतीले समोर बसवलं आन् हे सारं सांगतलं. माही चूक झाली, म्हणलं. ते रागावंल, रडंल, असं मले वाटलं होतं. तिनं इतकंच इचारलं, का बाबा, तवा तुमाले लय लागलं होतं का.



लेकराईले माहे मुके. बापावर जीव राहू दे.

देवमन