सहाव्या खेपेचं चीज

प्रिय आई,

तुमच्या शेळ्या मी विकलेल्या नाहीत. लिदीने तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल, तर ते मनावर घेऊ नका. तुमच्या या लेकीने पाठवलेलं गिऱ्हाईक आलं होतं, दातबित पाहून गेलं. पण सहाही शेळ्या अजून गोठ्यात आहेत आणि त्यांचं दूध दोन्ही वेळा मी काढते. मी, लील शहरातली शिंपीण! हसा खुशाल. पहिल्या आठवड्यात काळीने भरलेली बादली दोनदा लाथाडली.

एवढ्या दुधाचं करायचं काय, म्हणून चीज करायला घेतलं. सून म्हणून बावीस वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात वावरले, पण त्या पातेल्याजवळ तुम्ही मला फिरकू दिलं नाहीत. "तुझे हात कापडाचे, दुधाला ते कळतं," म्हणायचात. मलाही तेव्हा राग यायचा आणि रागापायी मी शिकवा म्हटलं नाही.

पहिल्या खेपेला स्वच्छतेच्या नादात दूध उकळूनच घेतलं. ते धरलंच नाही. दुसऱ्या वेळी खिडकी उघडी राहिली, एप्रिलच्या गारठ्यात दूध दोन दिवस तसंच पातळ. तिसऱ्यांदा दूध धरवायचं औषध थेंबांऐवजी चमच्याने घातलं. असं रबर झालं की कोंबड्यांनीही चोच लावली नाही. चौथ्या वेळच्या चकत्यांवर मांजराच्या केसांसारखी काळी बुरशी आली. त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडले, आणि डोळे पुसून थेट शेजारच्या युगेतकडे गेले. हो, त्याच युगेतकडे. तुमची तिच्याशी अठरा वर्षं बोलाचाल नाही, ठाऊक आहे मला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं बाई, आणि आधीच्या चीजची निवळी? विरजणाशिवाय काय लागणार, कपाळ?"

आई, तुमच्या निवळीची ती बरणी तुम्ही वृद्धाश्रमात गेलात त्याच आठवड्यात मी मोरीत ओतली. आंबट वास आला, शिळं पाणी समजले. हे तुम्हाला सांगायला मला दोन महिने लागले. युगेतला सांगितलं, तर ती आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. "ही तिचीच. भांडायच्या आधी दिली होती, तेव्हापासून दर खेपेला पुढे चालवते आहे. बोलणं टाकलं मी, हे नाही टाकलं. घेऊन जा, पण मी दिली म्हणून सांगू नकोस." सांगते आहे. तिला कळलं तर कळू दे.

पाचवी खेप खारट झाली. सहावी मात्र जमली. पळीने हलके हलके साच्यात भरली, रोज उलटली, दहा दिवस धीर धरला. साल पिवळसर, सुरकुतलेली. आत पांढरं, जरा भुसभुशीत.

गास्पारचा ट्रॅक्टर उतारावर उलटला, तुमचा मुलगा आणि माझा नवरा एकाच वेळी गेला, त्यानंतर आपण दोघी एका टेबलाशी बसू शकलो नाही. मला वाटायचं, तुम्ही मनात म्हणत असाल, हिने त्याला त्या पावसात जाऊ का दिलं? तेच मी स्वतःला रोज विचारत होते. म्हणून तुम्ही आलेसच्या वृद्धाश्रमात जायला निघालात, तेव्हा मी बॅग भरून दिली. अडवायला हवं होतं.

काल लिदीचा फोन आला. बारा दिवस तुम्ही ताट परत पाठवता आहात, दोन घोट पाण्यावर आहात. डॉक्टर म्हणतात, दुखणं काही नाही, तुम्हाला खायचंच नाहीये. आई, रविवारी सकाळच्या बसने मी येते आहे, चीज घेऊन. सुरी माझ्या हातात असेल आणि मी समोरून उठणार नाही. मीठ जास्त झालं म्हणा, साल जाड म्हणा, थुंकून टाका. पण आधी तोंडात घ्या. थुंकलंत तर सातवी खेप घेऊन पुढच्या रविवारी येईन, त्याच्या पुढच्याही. त्याला मी अडवू शकले नाही. तुम्हाला मी जाऊ देणार नाही.

तुमचीच,
ओदील