रविवारचं ऑफिस

अहो,

टालिया आणि तिच्या फेमीला आणायला कॉव्हेंट्री स्टेशनवर चाललेय. त्या मुलाला भेटायचं नसेल तर तसं सांगा, रविवारी कसलं ऑफिस काढता?

मटणाच्या पट्ट्या काड्यांना ओवून फ्रिजमध्ये ठेवल्यात. वर शेंगदाण्याचं कूट, आलं आणि तिखट घातलेला नायजेरियन मसाला चोळलाय. तो फेमीच्या आईने पाठवलाय. आपल्या ज्यू घरात मटणात दूधदुभतं चालत नाही, म्हणून त्याने तिला दोनदा विचारून खात्री केली. तुमच्या भाच्यांनी कधी विचारलंय?

"काड्या मी भाजतो, आँटी," म्हणत होता. मी म्हटलं, आमच्या बार्बेक्यूला टालियाच्या पप्पांशिवाय कुणी हात लावत नाही.

पाचपर्यंत आला नाहीत, तर तो हात लावेल. मी अडवणार नाही.

मिल्का