थंड खोलीतला वाटा

नारिनकोल, ३ डिसेंबर २०११

चि. कामशात हीस आईचे अ. उ. आ.

हिवाळ्यासाठीची घोडी परवा कापली. बसवाल्या साबितच्या हाती मांसाचं खोकं पाठवते आहे, त्यात तुझ्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचा वाटा आहे. कमरेचं मोठं हाड मानाचं, ते साहेबांचं, बाकीचं ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे दे. वसंतात तुझी जागा ठेवायची की नाही हे त्यांच्याच हाती ना? मग हात आखडता घेऊ नकोस.

शेजारीण विचारते, पोरगी डॉक्टर झाली तरी अजून शिकतेच कशी? म्हटलं, दोन वर्षं एका दाण्याची वाट बघतेय बाई. तेवढ्यात मी नातू रांगता केला असता. रागावू नकोस, जेवत जा.

तुझी आई,
झेइनेप

---

अल्माटी, ११ डिसेंबर २०११

ती. आईस कृ. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये मावेना, म्हणून प्रयोगशाळेच्या थंड खोलीत ठेवलंय. शनिवारी सगळ्यांना वाटणार आहे.

आणि आई, दाणा आला! पेशीच्या कातडीत एक प्रथिन दारवानासारखं बसलेलं असतं, आमचा दारवानच तो; क्षार आत घ्यायचा की बाहेर टाकायचा ते तो ठरवतो. त्याचे स्फटिक त्याच थंड खोलीत धरलेत, साखरेच्या कणाहून बारीक. अजून थोडे वाढू देते. मग जानेवारीत जर्मनीला नेऊन त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, की दारवानाचा चेहरा दिसेल. तो दिसला की माझी जागा पक्की. नातवाचं नंतर बघू!

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
कामशात

---

अल्माटी, २३ डिसेंबर २०११

ती. येर्देनदादास सा. न. वि. वि.

हे पत्र केगेनला तुझ्या घरीच ठेव, आईकडे जाशील तेव्हा नेऊ नकोस.

स्फटिक विरघळले. थंड खोलीत खायचं काही ठेवायचं नाही हा नियम मला पाठ होता. पण आईचा वाटा परत कसा पाठवायचा? शनिवारी सगळे त्या खोलीतच जमले. कुणाला कुठलं हाड, कोण वयानं मोठा, यावरून थट्टा चालली होती. साहेब म्हणाले की सुरी आण आणि इथेच काप. दार लावा असं मी मोठ्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? दुपारभर ते उघडंच राहिलं. खोलीतला गारवा गेला. सोमवारी स्फटिकांची ताटली भिंगाखाली धरली तर नुसतं पाणी.

तेच मिश्रण पुन्हा लावून पाहिलं, काही धरत नाही. जपानमधली माणसंही याच दारवानाच्या मागे आहेत, ती आता पुढे जातील. साहेब म्हणाले, वाईट झालं, मार्चनंतर जागा नाही. दादा, मला फार रडू येतं. कुणी रागावलंसुद्धा नाही, सगळे पोटभर जेवले होते.

आईला सांग, जर्मनीची तारीख पुढे गेली.

तुझी धाकटी,
कामशात

---

नारिनकोल, १६ जानेवारी २०१२

चि. कामशात हीस आईचे अ. उ. आ.

येर्देनला खोटं बोलता येत नाही, हे तुला ठाऊक हवं होतं. जर्मनीचं नाव काढलं की ताटात बघायचा. शेवटी सगळं काढून घेतलं.

मला राग आला, तो तू मला कळवलं नाहीस म्हणून. मग तुझ्या साहेबांना पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की खोकं मी पाठवलं, मानाप्रमाणे वाट असंही मीच बजावलं, चूक माझी, पोरीला काढू नका. म्हातारीनं इतकं वाकून आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

काल उत्तर आलं. कागद चांगला, अक्षर वळणदार. माझ्या हाताला बरकत येवो म्हणतात. मांस मऊ होतं, असं मांस शहरात मिळत नाही, तुमच्या घोड्यांना दीर्घायुष्य लाभो. पान उलटून पाहिलं. तुझं नाव कुठेच नाही.

मार्चमध्ये साबितच्याच बसनं ये. शेजारणीला काय सांगायचं ते मी बघते.

माझ्यावर लोभ उरला असेल, तर एक ओळ लिही.

आई